टू-बोल्ट की फोर-बोल्ट ते नंतर बघू, आधी भिंत मोजून घ्या

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ओहायोत राहणाऱ्या एका भावाने १९६९ ची कमॅरो घेतलीय, एसएस (जोरदार मॉडेल) नाही, साधी ३५० क्युबिक इंच इंजिनवाली. गाडी बारा वर्षं शेडमध्ये उभी होती, तेलात पाणी आलंय आणि एका सिलिंडरला गंज दिसतोय. इंजिन नव्यानं बांधायचंय. एकानं सांगितलं की तुझा ब्लॉक (इंजिनाचा बिडाचा मुख्य सांगाडा) टू-बोल्ट आहे, म्हणजे क्रँक धरणाऱ्या कॅपना दोन-दोनच बोल्ट, फेक आणि फोर-बोल्ट शोध. दुसरा त्यांना "हाय निकेल ०१० ब्लॉक" म्हणून एक जुना ब्लॉक चढ्या भावात द्यायला बसलाय. तिसरा म्हणतो ६० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर मार, म्हणजे सिलिंडर तेवढे रुंद कर, आणि मोकळा हो. चौथा म्हणतो एलएस (जीएमचं नंतरच्या काळातलं व्ही-८ इंजिन) टाक. आता ह्यातलं कुणाचं ऐकू, असं त्यांचं म्हणणं.

मी मिशिगनमध्ये मशीन शॉपला आहे, एकोणीस वर्षं झाली, त्याआधी सहा वर्षं कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काढली. बीड ओतताना पण बघितलंय आणि पन्नास वर्षांनी तेच बीड बोअर मशीनवर चढवताना पण बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही विचारलंय "कुठला ब्लॉक चांगला" पण खरा प्रश्न तो नाहीये. खरा प्रश्न असा की तुमच्या हातात जो ब्लॉक आहे तो अजून चांगला आहे का, आणि गाडीकडून तुम्हाला हवंय काय. ह्या दोन गोष्टी माहीत नसताना तुम्हाला सल्ला देणारे सगळे अंदाजानं बोलतायत, मी पण इथून तुमचा ब्लॉक बघू शकत नाही त्यामुळे "हाच घ्या" असं मी पण सांगणार नाही. पण ठरवायचं कसं ते सांगतो.

तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवार फिरवायची, मुलांना मागे बसवून, ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर मिळाली तर आनंद, रेस वगैरे करायची नाही. हे फार चांगलं झालं, कारण एवढ्या कामाला शेवरलेटचा साधा बिडाचा ३५० ब्लॉक भरपूर आहे, तो टू-बोल्ट असला तरी. तुमचं उत्तर ६०० हॉर्सपॉवर असतं तर मी हे सगळं लिहिलंच नसतं, सरळ डार्टसारख्या कंपनीचा नवा ब्लॉक घ्या म्हटलं असतं.

आता ब्लॉकला कुठलंही हत्यार लावायच्या आधी एक काम करा, आजच करा. इंजिनसमोर उभं राहिलात तर पॅसेंजर बाजूच्या (अमेरिकेत गाडीची उजवी बाजू) हेडच्या पुढे ब्लॉकचा एक छोटा सपाट भाग बाहेर आलेला दिसेल, त्यावर शिक्के मारलेले असतात. एक इंजिनचा कोड, व्ही नं सुरू होत असेल तर इंजिन मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यात बांधलेलं, पुढे महिना आणि तारीख, मग दोन अक्षरं. आणि दुसरा गाडीच्या व्हीआयएनचा (ओळख क्रमांकाचा) तुकडा, तो तिथेच असेल नाहीतर ऑइल फिल्टरच्या जवळ. गाडी नॉरवूडची असेल, म्हणजे तुमच्याच ओहायोत सिनसिनाटीला लागून जो कारखाना होता तिथली, तर तो तुकडा १९एन नं सुरू होईल आणि पुढचे आकडे तुमच्या गाडीच्या व्हीआयएनशी जुळले तर तो ब्लॉक गाडीबरोबर जन्मलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइज कारखान्याची गाडी असेल तर एन च्या जागी एल. नीट पुसून घ्या, पण वायर ब्रश किंवा सँडपेपर लावू नका, केरोसीन आणि फडकं बास. जवळून फोटो काढा, तिरका उजेड टाकून, आणि कागद ठेवून पेन्सिलनं घासून छाप पण घेऊन ठेवा.

हे एवढं का सांगतोय तर हा शिक्क्याचा भाग आणि हेड बसतो तो डेक एकाच पातळीत असतो. डेक सरळ करताना मशीनवाल्यानं कटर शेवटपर्यंत फिरवला की शिक्का गेला, परत येत नाही. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, दुसऱ्या शॉपमध्ये डेक मारून आणलेला ब्लॉक घेऊन, गाडी पहिल्या मालकाची, सगळी कागदं होती, आणि शिक्क्याच्या जागी आरशासारखी चकचकीत पट्टी. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. कारखान्यात तो डेक ब्रोचिंगनं कापलेला असायचा, त्याच्या बारीक समांतर रेघा शिक्क्याखाली दिसतात आणि गाडी पारखणारे लोक भिंग घेऊन त्या रेघाच बघतात, त्यामुळे नंतर परत शिक्का मारून घेतला तरी कळतं, आणि ती फसवणूकच झाली. डेक मारायचाच असेल तर मशीनवाल्याला आधी सांगायचं की शिक्क्याच्या पॅडला हात लावायचा नाही, कटर अलीकडे थांबव. येतं करता. जो म्हणेल येत नाही, त्याच्याकडे ब्लॉक देऊ नका.

नंतर कास्टिंग नंबर. तो मागच्या बाजूला, जिथं गिअरबॉक्सची बेलहाउसिंग बसते त्या कडेला ड्रायव्हर बाजूला असतो, मोठ्या उठावाच्या आकड्यात. त्याच कडेला पॅसेंजर बाजूला तारीख, एक अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे "सी १४ ९" असेल तर १४ मार्च १९६९, पण १९७९ पण असू शकतं, वर्षाचा एकच आकडा आहे ना. म्हणून एकटी तारीख धरून कुणी "१९६९ चा ब्लॉक" म्हणून विकत असेल तर थांबा.

ह्यावरूनच त्या "हाय निकेल ०१०" वर येतो. ३९७००१० हा कास्टिंग नंबर १९६९ पासून सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत चालला, ढीगभर ब्लॉक आहेत त्या नंबराचे, टू-बोल्ट पण आहेत आणि फोर-बोल्ट पण, नुसत्या नंबरावरून कळत नाही, तेलाची पॅन काढून कॅप बघितल्याशिवाय कळायचंच नाही. आणि निकेलवाली गोष्ट जी सांगतात ती वेगळ्याच आकड्यांची आहे, टायमिंग कव्हरच्या मागे काही ब्लॉकवर ०१० आणि ०२० असे आकडे ओतलेले असतात, त्याला लोक म्हणतात एक टक्का टिन, दोन टक्के निकेल. कास्टिंग नंबरचे शेवटचे तीन आकडे आणि हे ०१० ह्यांचा एकमेकांशी संबंध नाही, विकणारा दोन्ही एकत्र करून सांगतोय. मी असल्या आकड्यांसाठी एक डॉलर जास्त देणार नाही. ते आकडे असलेला पण पातळ भिंतीचा ब्लॉक मी भंगारात टाकलाय आणि आकडे नसलेला ब्लॉक झकास निघालाय.

आता भिंत. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, इथं जरा वेळ घेतो.

ब्लॉक ओततात तेव्हा सिलिंडरच्या भोवती पाणी फिरायची जी पोकळी असते ती वाळूच्या कोअरमुळे तयार होते. साचा बंद करताना किंवा गरम बीड आत येताना तो कोअर थोडा सरकतो. आमच्याकडे शिरोलीला पण सरकायचा, शेवरलेटचे ब्लॉक ओतणाऱ्या सॅगिनॉच्या फाउंड्रीत पण सरकायचा, वाळू ती वाळूच. पण नंतर मशीनवर बोअर मारतात तो मात्र ठरलेल्या सेंटरवरच मारतात. म्हणजे काय झालं, सिलिंडरची आतली बाजू बरोबर जागेवर आणि बाहेरची बाजू कोअर सरकला तिकडे. एक मिलिमीटर सरकला तरी एका बाजूला ४० थाउ जास्त आणि समोरच्या बाजूला ४० थाउ कमी. बाहेरून बघून कुणालाही हे कळत नाही, मला पण नाही. त्यासाठी सॉनिक टेस्ट करतात, सोनोग्राफीसारखं प्रोब लावायचं आणि भिंतीची जाडी वाचायची, एका सिलिंडरला चार बाजूंनी, वर मधे खाली.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन ३५० ब्लॉक आले. पहिला टू-बोल्ट, बाहेरून गंजलेला, मालकाला वाटत होतं टाकायच्या लायकीचा आहे. त्याची पॅसेंजर बाजूची भिंत आठही सिलिंडरला २०० थाउच्या वर आणि समोरची १४० च्या खाली कुठंच नाही. दुसरा फोर-बोल्ट, रंग मारून चकाचक केलेला, ४० थाउ बोअर आधीच झालेला, त्यात सात नंबरच्या सिलिंडरला पॅसेंजर बाजूला ११८ थाउ. पहिला मी बांधला आणि दुसऱ्याच्या मालकाला समोर बसवून प्रोब त्याच्याच हातात दिलं, तुम्हीच वाचा म्हटलं.

पॅसेंजर बाजू का म्हणतोय, तर ह्या इंजिनात स्फोट झाल्यावर पिस्टन दोन्ही बँकेत पॅसेंजर बाजूच्या भिंतीवर रेटला जातो, कारण क्रँक समोरून बघितला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो. त्या बाजूची भिंत जाड पाहिजे. माझा स्वतःचा नियम असा की बोअर मारून झाल्यावर त्या बाजूला १५० थाउ तरी राहिले पाहिजेत आणि बाकीच्या बाजूला १०० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. रस्त्यावरच्या गाडीसाठी बोलतोय, नायट्रस किंवा टर्बो असेल तर हिशोब वेगळा. भिंत पातळ झाली की ती दाबानं हलते, रिंगा नीट बसत नाहीत, तेल जळतं, गाडी गरम होते, मग लोक रेडिएटर बदलत बसतात.

म्हणून ६० थाउवाल्या सल्ल्याला माझा विरोध आहे. हिशोब करून बघा. ३५० चा बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.४८. ३० थाउ ओव्हर केलं की ३५५ क्युबिक इंच होतात, ६० केलं की ३६०. पाच क्युबिक इंचासाठी तुम्ही भिंतीतून आणखी १५ थाउ काढता आणि पुढच्या वेळचा बोअर संपवता. (३० थाउ ओव्हर म्हणजे प्रत्येक बाजूनं १५ च जातात हे लक्षात ठेवा, सॉनिकचे आकडे वाचताना बरेच जण इथं चुकतात.) ताकदच हवी असेल तर बोअर ३० वरच ठेवून ३.७५ स्ट्रोकचा क्रँक टाका, ३८३ होतात, त्यानं खरा फरक पडतो. फक्त त्याला ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि सिलिंडरच्या तळाशी कनेक्टिंग रॉडच्या बोल्टसाठी थोडं घासावं लागतं, तिथं पाण्याची पोकळी जवळ असते, घाईनं ग्राइंडर चालवायचं नाही.

तुमच्या गंजलेल्या सिलिंडरचं काय, तर तो खड्डा किती खोल आहे त्यावर आहे. आधी पिस्टनच्या डोक्यावर बघा ०३० वगैरे लिहिलंय का, म्हणजे आधी बोअर झालाय का ते कळेल. झालेला नसेल आणि ३० मध्ये खड्डा गेला तर विषय संपला. नाही गेला तर त्या एका सिलिंडरला स्लीव्ह टाका आणि बाकीचे सात ३० वरच ठेवा, एका खड्ड्यासाठी आठही सिलिंडर पातळ करू नका. इथं अमेरिकेत स्लीव्ह म्हटलं की लोक नाक मुरडतात, मला तर आश्चर्य वाटतं, आपल्याकडे ट्रॅक्टरच्या इंजिनाचे लायनर बदलणं हे रोजचं काम आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी टाकून संध्याकाळी घेऊन जातात. हे लायनर थोडे वेगळ्या प्रकारचे, पाण्याला लागत नाहीत, पण नीट बसवलेला स्लीव्ह आयुष्यभर चालतो.

तेलात पाणी आलंय म्हणून ब्लॉक फुटलाच असं धरू नका. हेड गॅस्केट, इनटेक गॅस्केट किंवा हेडला चीर, ह्यातून पण येतं. पण बारा वर्षं शेडमध्ये आणि ओहायोचा हिवाळा, त्यात अँटिफ्रीझ नसेल तर पाणी गोठून ब्लॉक चिरण्याची शक्यता नक्की आहे. म्हणून क्रम असा ठेवा, आधी ब्लॉक पूर्ण उघडा करून गरम टाकीत धुवायचा, सगळे प्लग काढून, पाण्याच्या जाकिटातला गाळ निघाला पाहिजे. मग मॅग्नाफ्लक्स (चुंबकानं चिरा शोधायची तपासणी), मग प्रेशर टेस्ट, मग सॉनिक. ह्या सगळ्याला काहीशे डॉलर लागतील, आणि तोपर्यंत पिस्टन, कॅम, हेड काही म्हणजे काही विकत घेऊ नका. बाहेरच्या जाकिटाला गोठून पडलेली चीर पिना टाकून शिवता येते, मी केलीत, टिकतात. पण चीर मेन बेअरिंगच्या जाळीत (क्रँक धरणाऱ्या आतल्या भिंतींत) असेल तर तो ब्लॉक मी बांधत नाही, कितीही शिक्के जुळले तरी.

आता टू-बोल्टची भीती. फोर-बोल्टमध्ये पण मधल्या तीन कॅपनाच चार बोल्ट असतात, पुढच्या आणि मागच्या कॅपला दोनच. तुमच्या ४०० हॉर्सपॉवरला, ६००० आरपीएमच्या आत, टू-बोल्ट ब्लॉकला चांगले स्टड टाकून बांधतो मी आणि मला त्याची काळजी वाटत नाही. फक्त स्टड टाकले की कॅप ओढली जाते त्यात थोडा फरक पडतो, म्हणून स्टड लावूनच लाइन होन (क्रँक बसायच्या जागा एका ओळीत सरळ करणं) करून घ्यायचं, बोल्टवर होन करून नंतर स्टड टाकायचे नाहीत. आणि सिलिंडर होन करताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टनं कसलेली जाड प्लेट, म्हणजे सिलिंडरवर हेड बसल्यासारखा ताण येतो) लावतात का ते विचारा. स्मॉल ब्लॉक शेवरलेटमध्ये हेडचे बोल्ट पाण्याच्या जाकिटात उघडतात, त्यांना सीलंट लावला नाही की परत तेलात पाणी, आणि परत तुम्ही म्हणणार ब्लॉक फुटला.

समजा तुमचा ब्लॉक नापास झाला, किंवा शिक्के जुळले आणि तुम्हाला तो जपून ठेवावासा वाटला (मी असतो तर जुळणारा ब्लॉक पास झाल्यास तोच गाडीत घातला असता, गाडी त्याच्यासाठीच आहे, पण हे ज्याच्या त्याच्या मनावर), तर दुसरा कुठला घ्यायचा? सत्तरच्या दशकातला सरळ ३५० सगळ्यात सोपा, सगळं जागच्या जागी बसतं. पण माझी पसंती १९८७ नंतरच्या रोलर लिफ्टरवाल्या ब्लॉकला (लिफ्टर म्हणजे कॅमवर चालून व्हॉल्व्ह उचलणारा भाग, रोलरमध्ये तो घासत नाही, चाकावर फिरतो), खासकरून १९९६ ते २००० च्या ट्रकमधल्या व्हॉर्टेक नावाच्या इंजिनांच्या. जुन्या फ्लॅट टॅपेट (सपाट, घासणाऱ्या लिफ्टरच्या) कॅमला पहिल्या वीस-तीस मिनिटांत २००० आरपीएमच्या वर धरून बसवावं लागतं, झिंकवालं तेल लागतं, आणि तरी अलीकडे लिफ्टर खाल्लेले कॅम माझ्याकडे येत राहतात, पहिल्याच दिवशी बिडाचा आणि लोखंडाचा चुरा सगळ्या इंजिनात. रोलरला ती कटकट नाही.

पण हे नवे ब्लॉक १९६९ च्या गाडीत घालताना जिथं लोक अडकतात ते आत्ताच सांगून ठेवतो. १९८६ पासून मागचं ऑइल सील एकसंध झालं, त्यामुळे क्रँकच्या मागच्या बोल्टांचा घेर ३.५८ इंचाऐवजी ३ इंच, तुमचा जुना फ्लायव्हील बसणार नाही आणि नवा वजन लावलेला घ्यावा लागेल. तेलाची कांडी १९८० पासून पॅसेंजर बाजूला गेली, त्याप्रमाणे पॅन लागेल. मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागा ड्रिल केलीय का ते बघा, नसेल तर इलेक्ट्रिक पंप. आणि तुमची गाडी मॅन्युअल असेल तर क्लचची झेड बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारा दांडा) ब्लॉकच्या ड्रायव्हर बाजूला एका पिव्होटवर बसते, बऱ्याच नव्या ब्लॉकला ते भोक पाडलेलंच नसतं. हे इंजिन गाडीत उतरवल्यावर कळलं की रविवार गेला.

कुणी ४०० स्मॉल ब्लॉक देत असेल तर मी तुमच्या कामासाठी नको म्हणेन. सिलिंडर एकमेकांना चिकटलेले, मधे पाणी नाही, हेडला वाफेची भोकं पाडावी लागतात, गरम व्हायची तक्रार बऱ्याचदा ती भोकं विसरल्यानंच असते. जाणकाराच्या हातात उत्तम ब्लॉक आहे, पहिल्या रिबिल्डला नाही. एलएस बद्दल एवढंच की इंजिन म्हणून फार चांगलं आहे, पण ब्लॉकच्या किमतीवर जाऊ नका, माउंट, पॅन, फ्युएल लाइन, वायरिंग, एक्झॉस्ट सगळं बदलतं आणि तो वेगळा प्रोजेक्ट होतो. तुम्हाला १९६९ ची गाडी १९६९ सारखी चालवायचीय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं, म्हणून मी तिकडे जाणार नाही.

तर आत्ता तुम्ही करायचं ते एवढंच: शिक्क्याचे फोटो, कास्टिंग नंबर आणि तारीख, पॅन काढून कॅप बघा, मग ब्लॉक धुवायला आणि टेस्टला द्या. त्या ०१० वाल्याला सांगा की सॉनिक रिपोर्ट दाखव मग बोलू, किंवा तुमच्या खर्चानं करून घ्या, त्यानं नकार दिला तर तुम्हाला उत्तर मिळालंच. रिपोर्ट हातात आला की आठही सिलिंडरचे आकडे इथं टाका, पॅसेंजर बाजू वेगळी लिहा, आणि बोअर आत्ता किती आहे ते मायक्रोमीटरनं मोजून लिहा, पिस्टनवर काय छापलंय त्यावरून नको.